कशानं गेले ते नंतर, कसे गेले ते आधी सांगा

राख सावडायला गेलो होतो. गेलेला माणूस एक्केचाळीस वर्षांचा, शेती बघून दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिणारा. पहाटे छातीत कळ आली, बायकोनं पाणी दिलं, गॅस पेटवून ती ओव्याचा काढा उकळायला ठेवेपर्यंत हा पलंगावरून खाली कोसळला. अस्थी मडक्यात भरून झाल्यावर सगळे लिंबाखाली बसले आणि वाद सुरू झाला. एक म्हणाला, करोनाची लस आली तेव्हापासून पोरं अशीच जायला लागलीत. दुसरा म्हणाला, लस कसली, तंबाखू, जागरण आणि कर्ज. तिसरा बराच वेळ गप्प होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांच्या घराण्यातच आहे ते. बापही असाच गेला." त्यावर कुणीच काही बोललं नाही. आपल्याकडे घराणं म्हटलं की बोलणं संपतं.

मराठवाड्यात हा वाद गेली काही वर्षं जवळपास प्रत्येक गावात, प्रत्येक तिसऱ्या दिवसाला ऐकू येतो, आणि तो फार वाईट पद्धतीनं घातला जातो असं माझं मत आहे. तिसरा माणूस खरं बोलत होता. पण त्याच्या बोलण्याचा जो अर्थ आम्ही सगळ्यांनी लावला, तो चूक होता. एखादी गोष्ट घराण्यात असणं हा निकाल नसतो, ती आगाऊ आलेली खबर असते. ती मिळवायला रक्त काढून महागड्या जनुकीय चाचणीसाठी पाठवावं लागत नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत पडून आहे, आणि आपण चुकीचा प्रश्न विचारत असल्यामुळे ती त्यांच्याबरोबरच जाते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बातम्यांपासून श्रद्धांजलीच्या फलकांपर्यंत त्या एकच समजल्या जातात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकून तिथल्या स्नायूचं रक्त तुटणं. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचा पंपच थांबणं. अटॅक आलेला माणूस घामाघूम होतो, बोलतो, कधी कधी मोटारसायकलवर मागं बसून दवाखान्यातही पोचतो. अरेस्ट झालेला काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. अटॅकमध्ये अरेस्ट होतो तो बहुतेकदा असा: रक्त तुटलेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं, तिथं हृदयातल्या विजेचा प्रवाह मंदावतो, शेजारच्या निरोगी स्नायूत मात्र तो नेहमीच्या वेगानं धावतो. या दोन वेगांच्या सांध्यावर प्रवाह सरळ जायचा सोडून गोल फिरू लागतो. मग हृदयाचे खालचे दोन कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या काही तासांत, त्यातही पहिल्या तासात असतो. छातीवर दाब देणं आणि विजेचा शॉक, हे दोन्ही मिळालं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

आता खरा प्रश्न. सारख्याच वयाचे दोघं, दोघांचीही तीच वाहिनी तशाच गुठळीनं बंद झालेली. एक चार तासांनी चालत दवाखान्यात येतो आणि दुसरा घराच्या उंबऱ्यावर पडतो. असं का? आमच्याकडे उसाचे फड जळतात. वरच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासतात आणि ठिणग्या पडतात. शेजारशेजारच्या दोन फडांत एकाच रात्री ठिणगी पडली तरी एकीकडं ती विझते आणि दुसरीकडं बघता बघता एकर साफ होतं, कारण तिथलं पाचट वाळलेलं असतं. गुठळी ही ठिणगी. पाचट किती वाळलेलं आहे, याचा काही भाग आई-बापांकडून येतो.

हे अंदाजानं सांगत नाही. पॅरिसमधल्या ७,००० हून जास्त मध्यमवयीन नोकरदार पुरुषांवर सुमारे २३ वर्षं लक्ष ठेवून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची आई किंवा वडील अचानक गेले होते, त्यांना स्वतःला तसाच मृत्यू येण्याचा धोका १.८ पट होता. दोघंही तसे गेले असतील तर ९ पटींहून जास्त, अर्थात असे लोक त्या अभ्यासात अगदी मोजके होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. जे हार्ट अटॅकनं गेले पण अचानक गेले नाहीत, त्यांच्या आई-बापांत अचानक मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. म्हणजे घराण्यातून नुसता 'हृदयरोग' येत नाही, मरण्याची एक विशिष्ट तऱ्हा येते. २००६ साली नेदरलँड्समध्ये याहून नेमकी तुलना झाली. पहिलाच हार्ट अटॅक आलेले रुग्ण घेतले, काहींचं हृदय त्यात थरथरलेलं, काहींचं नाही. थरथरलेल्यांच्या आई-बाप-भावंडांत अचानक मृत्यूची शक्यता सुमारे २.७ पट आढळली. आपल्याकडचं पाहायचं तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. लशीनं धोका वाढलेला दिसला नाही. कुटुंबात कुणी अचानक गेलेलं असणं मात्र अडीच पट धोक्याशी जोडलेलं निघालं. आदल्या ४८ तासांतलं बेसुमार दारू पिणं त्याहूनही जास्त. लिंबाखालच्या पहिल्या माणसाला हे सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही, याची मला खंत आहे.

मग आपण काय विचारतो? माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी छातीत जड वाटतंय म्हणून लातूरच्या एका दवाखान्यात गेलो. केसपेपर भरणाऱ्यानं विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" मी म्हणालो, नाही. मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या घरात कुणाचा कधी ईसीजी निघालेला नव्हता, कुणाला हृदयाची गोळी नव्हती, कुणाला 'त्रास' नव्हता. संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी कागद बाजूला ठेवून वेगळंच विचारलं, "अचानक कोण गेलंय का? बसल्याजागी, झोपेत, रस्त्यात?" तेव्हा मला आजोबा आठवले. ज्वारी हुरड्याला आली होती, जागलीला म्हणून माळ्यावर झोपले, सकाळी उठलेच नाहीत. वय बावन्न. मग चुलते आठवले. बैलबाजारात कासरा हातात धरून उभे होते, उभ्याचे खाली बसले आणि आडवे झाले. वय सेहेचाळीस. बैल तिथंच त्यांना हुंगत उभा होता, असं आई सांगायची. डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या, त्यांच्याखाली रेघ मारली आणि मला रात्रभर ठेवून घेतलं.

आजोबांच्या जाण्याला आमच्या घरात 'सोन्यासारखं मरण' म्हणतात. कुणाला पाणीसुद्धा पाजू दिलं नाही, चालताबोलता गेले, पुण्यवान माणूस. अंथरुणाला खिळून खंगत जाणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हा शब्द का सुचतो ते मला कळतं. पण बावन्नाव्या वर्षी आलेलं सोन्यासारखं मरण हे त्या घरातल्या पोरांसाठी वैद्यकीय माहिती असतं, आणि पुण्याच्या खात्यावर जमा झालं की ते तिथून कुणी बाहेर काढत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कितीतरी पिढ्यांची नावं सापडतात. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठल्या साली आला. तो कसा गेला हे तिथं नसतं, आणि सरकारी दप्तरातही बहुधा नसतं. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आसपास मृत्यूंचं कारण डॉक्टर प्रमाणित करतात. उरलेल्यांचं कारण गाव ठरवतं.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. पहिला आक्षेप असा की बाप-लेकात फक्त रक्त सारखं नसतं, चूलही एक असते. तेच मीठ, तीच तंबाखूची चंची, तीच सावकाराची चिंता. मग घराण्यावर खापर का? आक्षेप अर्धा खरा आहे. पॅरिसच्या अभ्यासात रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान वगैरेंचा हिशेब बाजूला काढल्यावरही १.८ पट उरला. पण बापाकडून आलेली प्रत्येक गोष्ट जनुकातूनच येते असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. त्यातून दिसलं की आपली बाळं वजनाला कमी भरतात, पण त्यांच्या अंगात स्नायूच्या मानानं चरबी जास्त असते, आणि पुढच्या मधुमेहाची पायाभरणी आईच्या पोटातच होते. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेल्या बाईच्या पोटी जन्मलेला माणूस आज पन्नाशीत आहे. त्याच्या हृदयात दुष्काळ किती आणि जनुक किती, ते वेगळं करायला कुणीही बसू नये. माझ्या मुद्द्याला त्यानं बाधाही येत नाही. 'बाप कसा गेला' या प्रश्नाच्या उत्तरात रक्त, चूल आणि दुष्काळ, तिन्ही एकदम येतात. म्हणून तर तो चाचणीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

चाचणीचं वेगळं बोलावं लागेल, कारण जनुकीय तपासणीची पॅकेजं आता आपल्याही शहरांत विकली जातात आणि घाबरलेली माणसं ती घेतात. अटॅकमधल्या फिब्रिलेशनशी जोडलेलं एक ठिकाण डच संशोधकांना २०१० साली एकविसाव्या गुणसूत्रावर सापडलं. जवळच सीएक्सएडीआर नावाचं जनुक आहे, आणि त्याची कमतरता असलेल्या उंदरांच्या हृदयात रक्त तुटल्यावर विजेचा प्रवाह जास्त मंदावतो हेही पुढं दाखवलं गेलं. शोध सुंदर आहे. पण त्या ठिकाणच्या ज्या जनुकीय बदलाबद्दल हे बोलणं चाललंय तो युरोपीय लोकांत अगदी सर्रास आढळणारा आहे, त्यानं धोका दुपटीहूनही कमी वाढतो, आणि जर्मनीतल्या रुग्णांच्या एका गटात हा संबंध पुन्हा दिसला नाही. डच माणसांच्या रक्तावरून काढलेल्या गणितावर परळीच्या माणसाचं मरण कसं वर्तवणार? हा कागद हातात घेऊन एकजण उगाच रात्रभर जागा राहील आणि दुसरा उगाच निर्धास्त झोपेल.

काही घरांत मात्र जनुकीय तपासणी खरोखर जीव वाचवते, हे मान्य केलंच पाहिजे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचे काही आजार, ईसीजीमधलं एक अंतर जन्मतःच लांबलेलं असणारा लाँग क्यूटी आजार, यांत एकाच जनुकातला दोष घरभर शोधता येतो. आपल्या भागाशी यातल्या एका गोष्टीचा थेट संबंध आहे, म्हणून विषय थोडा सोडून सांगतो. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात. अशा घरात जन्मतः ऐकू न येणारं मूल असेल आणि ते पळताना किंवा दचकून बेशुद्ध पडत असेल, तर त्याला फिट समजून सोडू नये, ईसीजी काढावा. बहिरेपण आणि लांबलेला क्यूटी एकत्र येणारा आजार १९५७ पासून माहीत आहे आणि तो दोन्ही बाजूंनी तोच दोष आला तरच होतो. एवढा ईसीजी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी निघतो. यातही सुरुवात घरच्या इतिहासापासूनच होते. कोणतं घर तपासायचं हे कळायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.

दुसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. घराणं, घराणं म्हणत बसलं की सरकार सुटतं, दवाखाना सुटतो, तंबाखू विकणारा सुटतो. इतिहास या आक्षेपाच्या बाजूनं आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब मजुरांना पेलाग्रा व्हायचा. कातडी सोलायची, वेड लागायचं, माणसं मरायची. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर अनाथालयांतला आहार बदलून दाखवत होते की हा आजार ताटातला आहे, आणि त्याच काळात चार्ल्स डेव्हनपोर्टसारखे वंशसुधारवादी तो रक्तातला आहे असं सांगत होते. रक्तातला म्हटलं की मजुरी वाढवावी लागत नाही. हाच पेलाग्रा आपल्या शेजारी हैदराबादच्या आसपास, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही होता. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनघटकाशी जोडला. तेव्हा जो 'घराण्यात आहे' म्हणेल त्याच्याकडे संशयानं बघावं, हे मला पटतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानं २००४ साली दाखवलं की पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्के भार तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, ताण अशा बदलता येणाऱ्या नऊ गोष्टींवर आहे. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येत होता, इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी.

पण हे आकडे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत. पाचट वाळलेलं आहे हे कळलेला शेतकरी हात जोडून बसतो का? तो आधी तारा ताणून घ्यायला लावतो. किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत आपण समजत होतो की दख्खनचा दगड हलत नाही. नकाशावरही हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक माळवदाखाली आणि दगडमातीच्या रुंद भिंतींखाली. जमीन आपल्या हातात नव्हती, छप्पर होतं. त्यानंतर कुणी म्हणालं नाही की जमिनीतच दोष आहे, आता घरं कशीही बांधा. जमिनीचा दोष कळला म्हणूनच घरं वेगळी बांधली. ज्याच्या घरात दोन माणसं पन्नाशीच्या आसपास अचानक गेलीत, त्यानं तंबाखू सोडणं, साखर आणि रक्तदाब तपासणं हे शेजाऱ्यापेक्षा दहा वर्षं आधी आणि दुप्पट कडकपणे करायला हवं. गुठळीच झाली नाही तर पाचट पेटायचा प्रश्न कमी उरतो.

तिसरा आक्षेप बायका बोलून दाखवतात, पुरुष मनात ठेवतात: हे लिहून ठेवलं तर पोरीचं लग्न कसं जमायचं? स्थळ बघायला आलेली माणसं 'घरात काही आजार?' असं विचारतात, आणि अशा एका उत्तरावर मोडलेली सोयरीक मी पाहिली आहे. ही भीती खरी आहे. तिला 'लोकांनी सुधारावं' हे उत्तर पुरत नाही. विम्याचीही भीती होती. जाड स्नायूच्या आजाराच्या एका रुग्णाचा दावा 'जनुकीय आजार' म्हणून नाकारला गेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं असं सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं आणि विमा नियामकानंही कंपन्यांना त्या कारणावर दावे नाकारू नका असं कळवलं. सोयरिकीला मात्र न्यायालय नाही. माझं म्हणणं एवढंच की ही माहिती डॉक्टरच्या कागदावर असावी, पत्रिकेत नाही. शिवाय लपवून काय साधतं? ज्या गावात प्रत्येकाला माहीत असतं की बाप असाच गेला, तिथं ते फक्त डॉक्टरपासून लपतं.

शेवटचा आक्षेप सरळ आहे. कळून करायचं काय? किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. शॉक देणारं यंत्र कुठं, अँजिओप्लास्टी कुठं. महात्मा फुले योजनेतून उपचाराचे पैसे मिळतात, पण ते दवाखान्यात जिवंत पोचणाऱ्याला. सगळं खरं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांवर भारतीय रुग्णांच्या नोंदीत कळ सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मधला आकडा ३६० मिनिटांचा होता. सहा तास. ही मिनिटं फक्त रस्त्यात जात नाहीत. ती ओव्याच्या काढ्यात जातात, 'पित्त झालंय'मध्ये जातात, 'सकाळी बघू'मध्ये जातात. घरात दोघं असे गेलेत हे ज्या बाईला माहीत असतं, ती ओवा शोधत नाही. ती १०८ लावते, आणि फोन चालू असतानाच जावेला हाका मारते. डॉक्टरांनी आधीच विचारपूस करून सांगून ठेवलं असेल तर अ‍ॅस्पिरिन चघळायला देते. १९८८ च्या मोठ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिननं मृत्यू २३ टक्क्यांनी आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजबरोबर ४२ टक्क्यांनी घटवले होते. यातल्या कशालाही मोठं शहर लागत नाही. छातीवर दाब देणं १९६० पासून जगाला माहीत आहे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. डेन्मार्कनं ते शाळेत आणि वाहन परवान्याबरोबर सक्तीनं शिकवलं. दहा वर्षांत बघ्यांकडून दाब मिळण्याचं प्रमाण २१ वरून ४५ टक्क्यांवर गेलं आणि महिनाभर जगणारे ३.५ वरून १०.८ टक्के झाले. आपल्याकडे पोलीस भरतीच्या तयारीला पहाटे मैदानावर पन्नास पोरं धावतात. त्यांना हे शिकवायला दोन तास लागतील. आणि सुरुवात कुणाच्या घरापासून करायची, हे त्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर संध्याकाळपर्यंत कळेल.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरच्या माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात एक प्रश्न असतो: आई-वडील किंवा भावंडांत कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग आहे का? त्याच्याखाली आणखी एक ओळ छापावी. यांपैकी कुणी साठीच्या आत, त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात किंवा झोपेत गेलं का? 'हो' आलं तर त्या घराचा ईसीजी आणि तपासण्या आधी व्हाव्यात, आणि त्या घरातल्या दोन माणसांना दाब द्यायला शिकवावं.

मागच्या महिन्यात आमच्या गावात हा अर्ज भरला जात असताना मी आत्याजवळ बसलो होतो. आशाताईंनी छापील प्रश्न वाचला. आत्या म्हणाली, "न्हाई बाई, आमच्यात कुणाला हार्ट-बिर्ट न्हाई." मी तिला विचारलं, "आत्या, अचानक कोण कोण गेलं?" तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. आजोबा आणि चुलते मला माहीत होते. ती तिसऱ्या बोटावर थांबली, म्हणाली, "आन् आमचा धाकला भाऊ. मोटंवर बैल हाकत हुता, तितंच. त्याचं लगीन ठरलं हुतं." या भावाचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. आशाताईंनी ते अर्जाच्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर लिहून घेतलं.